प्रोसीजर खरंच आहे का? सर्व्हरला नीट विचारायची रीत

दसरा झाला की खानदेशात जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. अशाच एका सकाळी अमळनेरच्या एका जिनिंगमधून मला जळगावात फोन आला. गाडी काट्यावर, वजन पडद्यावर, आणि काटापट्टी छापायचं बटण दाबलं की एकच ओळ: स्टोअर्ड प्रोसीजर सापडली नाही, एरर 2812. काट्यावरचे भाऊ म्हणाले, "ताई, गाड्या उभ्या शेतस. आते काय करानं?"

स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे डेटाबेसात नावाने साठवून ठेवलेला आज्ञांचा संच. ती प्रोसीजर आदल्या रात्री मीच चढवली होती. कापसातल्या ओलाव्याची वजावट काढणारी. स्क्रिप्ट चालली, "कमांड यशस्वी" असा निरोपही आला. तरी सकाळी सर्व्हर म्हणतो, नाही.

त्या दिवशी एक गोष्ट कायमची पक्की झाली. सर्व्हरचं "नाही" नेहमी अर्धं वाक्य असतं. पूर्ण वाक्य असं असतं: या डेटाबेसात, या स्कीमात (म्हणजे डेटाबेसातल्या कप्प्यात), या नावाची, या प्रकारची आणि तुझ्या लॉगिनला दिसेल अशी प्रोसीजर नाही. या पाचांतली कुठली अट फसली ते शोधणं म्हणजेच प्रोसीजर आहे का ते तपासणं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आज्ञा मी फोनवर वाचून दाखवते तशाच, उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी स्पेलिंगने करायच्या. टिंब, अवतरणचिन्ह आणि अंडरस्कोर मात्र जिथे दिसतात तिथेच ठेवायचे.

पायरी 1: आपण कुठे उभे आहोत?

प्रोसीजर शोधायच्या आधी स्वतःचा पत्ता विचारा. डेटाबेस सर्व्हर कुठला, त्याप्रमाणे आज्ञा बदलते. एसक्यूएल सर्व्हरवर:

सिलेक्ट @@सर्व्हरनेम, डीबी_नेम(), एसयूजर_एसनेम();

मायएसक्यूएलवर:

सिलेक्ट डेटाबेस(), करंट_यूजर();

पोस्टग्रेसवर (सर्च_पाथ म्हणजे नाव कुठल्या स्कीमांत शोधायचं तो क्रम):

सिलेक्ट करंट_डेटाबेस(), करंट_यूजर;
शो सर्च_पाथ;

ही पायरी फालतू वाटते, म्हणून सगळे ती गाळतात. आपल्याकडच्या हिशेबाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 1 एप्रिलला नवा डेटाबेस उघडतात. जुनं वर्ष तसंच राहतं, नवं त्याच्या शेजारी येतं. दोन्हींत टेबलं सारखी, नावात फक्त वर्षाचा फरक. रात्री दमलेल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही. शिवाय एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत नवी खिडकी उघडली की ती लॉगिनच्या ठरलेल्या डेटाबेसात उघडते, आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर तो 'मास्टर', म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस असतो. एखादी प्रोसीजर कुठेच सापडत नसेल तर मी आधी मास्टरमध्ये बघते.

पायरी 2: एसक्यूएल सर्व्हरला थेट प्रश्न

सगळ्यांत आटोपशीर रीत ही ('डीबीओ' ही एसक्यूएल सर्व्हरची नेहमीची स्कीमा):

सिलेक्ट ऑब्जेक्ट_आयडी(एन'डीबीओ.ओलावा_वजावट', एन'पी');

आकडा आला तर प्रोसीजर आहे. नल, म्हणजे रिकामं उत्तर, आलं तर वरचं अर्धं वाक्य आठवा. शेवटचा 'पी' गाळू नका. तो नसेल तर त्याच नावाचा व्ह्यू किंवा फंक्शन असलं तरी आकडा येतो आणि आपली फसगत होते. स्कीमाचं नावही द्यायचंच. ते नसेल तर सर्व्हर तुमच्या डीफॉल्ट स्कीमातून शोध सुरू करतो, आणि तुमची आणि प्रोग्रॅमची डीफॉल्ट स्कीमा एकच असेल असं नाही.

नाव नक्की आठवत नसेल किंवा स्कीमाबद्दल शंका असेल तर कॅटलॉग, म्हणजे सर्व्हरची स्वतःची नोंदवही, बघा:

सिलेक्ट स्कीमा_नेम(स्कीमा_आयडी), नेम, क्रिएट_डेट, मॉडिफाय_डेट
फ्रॉम सिस.प्रोसीजर्स
व्हेअर नेम लाइक एन'%वजावट%';

मला ही क्वेरी जास्त आवडते, कारण ती फक्त हो किंवा नाही म्हणून थांबत नाही. प्रोसीजर कुठल्या स्कीमात बसली ते कळतं. स्कीमा न लिहिता कुणी साध्या युजरने ती बनवली असेल, तर ती डीबीओऐवजी त्या युजरच्या डीफॉल्ट स्कीमात गेलेली असते. मॉडिफाय_डेटवरून कालचा बदल पोहोचला का तेही कळतं. प्रोसीजर आहे, पण तारीख तीन महिन्यांपूर्वीची, असं दिसलं तर तुमची नवी आवृत्ती इथे आलेलीच नाही.

इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स हा व्ह्यूही एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे. नावापुरता तो चालतो, पण त्यातून प्रोसीजरचा मजकूर काढू नका: तिथे फक्त पहिली 4000 अक्षरं मिळतात, आणि हिशेबाच्या प्रोसीजर त्याहून मोठ्या असतात.

पायरी 3: सगळे डेटाबेस एकदम चाळा

सिस.प्रोसीजर्समध्ये दिसतं ते फक्त चालू डेटाबेसातलं. वर्षागणिक डेटाबेस असलेल्या ठिकाणी एकेक उघडून बघत बसायला वेळ नसतो. त्या सकाळी मी भाऊंना ही क्वेरी अक्षर-अक्षर सांगून टाइप करायला लावली:

सिलेक्ट नेम, ऑब्जेक्ट_आयडी(कोटनेम(नेम) + एन'.डीबीओ.ओलावा_वजावट', एन'पी')
फ्रॉम सिस.डेटाबेसेस
व्हेअर स्टेट = 0 अँड हॅज_डीबीअ‍ॅक्सेस(नेम) = 1;

स्टेट शून्य म्हणजे डेटाबेस चालू आहे. शेवटची अट म्हणजे आपल्याला त्यात शिरता येतं. कोटनेममुळे नावात स्पेस किंवा आडवी रेघ असली तरी क्वेरी मोडत नाही.

भाऊंनी एकेक ओळ वाचून दाखवली. मागच्या वर्षाच्या डेटाबेसापुढे आकडा, चालू वर्षापुढे नल. रात्री माझी खिडकी मागच्या वर्षावर उघडी होती. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'यूज' आणि चालू वर्षाच्या डेटाबेसाचं नाव टाकून, खाली 'गो' लिहून ती पुन्हा चालवली आणि पट्टी छापून आली. तेव्हापासून 'यूज'ची ओळ नसलेली स्क्रिप्ट मी कुणाकडे पाठवत नाही.

पायरी 4: कुणाच्या डोळ्यांनी बघतोय?

ही पायरीही फार दुर्लक्षित आहे, म्हणून इथे जरा थांबते.

2005 च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर प्रत्येकाला फक्त त्याच्या मालकीच्या किंवा त्याला काही ना काही परवानगी असलेल्या वस्तूच दाखवतो. परवानगी नसलेली प्रोसीजर सिस.प्रोसीजर्समध्ये त्याच्यासाठी नसतेच. ऑब्जेक्ट_आयडीही त्याला नल देतं. प्रोसीजर जागेवर असते, तरी विचारणाऱ्याला "नाही" हेच उत्तर मिळतं.

आपण तपासतो 'एसए' किंवा तसल्याच मोठ्या लॉगिनने. आपल्याला सगळं दिसतं. काट्यावरचा प्रोग्रॅम येतो छोट्या लॉगिनने. मग "माझ्याकडे तर दिसतेय" आणि "इथे तर नाही म्हणतंय" असा तासभर घोळ चालतो. तो टाळायचा तर प्रोग्रॅमच्या युजरच्या जागी उभं राहून विचारा:

एक्झिक्यूट अ‍ॅज यूजर = 'काटा_यूजर';
सिलेक्ट ऑब्जेक्ट_आयडी(एन'डीबीओ.ओलावा_वजावट', एन'पी');
रिव्हर्ट;

रिव्हर्ट विसरू नका, नाहीतर पुढच्या आज्ञाही त्या छोट्या युजरच्या नावानेच चालतील.

आणखी एक खूण आहे. प्रोसीजर चालवताना एरर 2812 आला तर ती त्या नावाने सापडलेलीच नाही. एरर 229 आला तर ती आहे, पण चालवायची परवानगी नाही. म्हणून फोनवर मी पहिला प्रश्न एररच्या आकड्याचा विचारते. 229 असेल तर शोधाशोध बंद, थेट परवानगी द्यायची आज्ञा, ग्रँट एक्झिक्यूट.

हा 229 बहुधा कुठून येतो? कुणीतरी प्रोसीजर ड्रॉप करून नव्याने क्रिएट केलेली असते. ड्रॉप झाली की तिच्यावर दिलेल्या परवानग्याही जातात. नवी प्रोसीजर नावाने तीच असली तरी परवानग्यांच्या बाबतीत कोरी असते.

पायरी 5: नावातच खोट असेल तर

दोन सापळे नेहमी भेटतात. पहिला 'लाइक'चा. त्यात अंडरस्कोर म्हणजे "कुठलंही एक अक्षर". आपल्या नावांत अंडरस्कोर असतातच, त्यामुळे 'लाइक' शोधायला वापरा. स्क्रिप्टमध्ये निर्णय घ्यायचा असेल तर बरोबरचं चिन्हच हवं.

दुसरा 'एसपी_रिनेम'चा. या आज्ञेने प्रोसीजरचं नाव बदललं तर कॅटलॉगमध्ये नवं नाव दिसतं, पण साठवलेल्या मजकुरात 'क्रिएट प्रोसीजर'पुढे जुनंच नाव राहतं. कुणी तो मजकूर काढून दुसरीकडे चालवला की तिथे जुन्या नावाची प्रोसीजर तयार होते, आणि नवी शोधणारा हात चोळत बसतो. नाव बदलायचं तर नव्या नावाने बनवा, परवानग्या द्या, मग जुनी काढा.

मायएसक्यूएल: बॅकअपने दिलेली हूल

इथे नाव बघायला:

सिलेक्ट रूटीन_नेम, डिफायनर, लास्ट_ऑल्टर्ड
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स
व्हेअर रूटीन_स्कीमा = डेटाबेस()
अँड रूटीन_टाइप = 'प्रोसीजर'
अँड रूटीन_नेम = 'केळी_पट्टी';

किंवा थोडक्यात 'शो प्रोसीजर स्टेटस व्हेअर डीबी = डेटाबेस()'. रूटीन_टाइपची अट हवीच, कारण मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचं फंक्शन आणि प्रोसीजर शेजारी-शेजारी राहू शकतात. जुन्या लेखांत mysql नावाच्या डेटाबेसातलं 'प्रोक' हे टेबल बघायला सांगतात. 8.0 पासून ते टेबलच राहिलेलं नाही.

पण मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजर हरवण्याचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याने संगणक बदलला. बॅकअप होता, रोज रात्री न चुकता घेतलेला. नव्या संगणकावर चढवला, सगळी टेबलं आली, शेतकऱ्यांची खाती आली, वजनं आली. पट्टी काढायला गेले तर एरर 1305, प्रोसीजर अस्तित्वात नाही. बॅकअप घेणारं 'मायएसक्यूएलडंप' ट्रिगर आपोआप घेतं, पण प्रोसीजर आणि फंक्शनं सांगितल्याशिवाय घेत नाही. आज्ञेत '--रूटीन्स' हा पर्याय लागतो, आणि त्यांच्या बॅकअपच्या आज्ञेच्या फायलीत तो कधीच नव्हता. जुनी हार्डडिस्क अजून शाबूत होती म्हणून प्रोसीजर परत मिळाल्या.

तुमच्या बॅकअपची आज्ञा असलेली फाइल आजच उघडून हा पर्याय शोधा. नंतर तो बॅकअप एका रिकाम्या डेटाबेसात चढवून वरची क्वेरी रूटीन_नेमची अट काढून चालवा आणि दोन्हीकडची संख्या ताडून बघा.

बॅकअपमधून आलेल्या प्रोसीजरचा डिफायनर, म्हणजे ती ज्याच्या नावावर आहे तो युजर, नव्या सर्व्हरवर नसेल तर प्रोसीजर यादीत दिसते, पण चालवली की एरर 1449 येतो. म्हणून वरच्या क्वेरीत डिफायनरचा रकाना मुद्दाम घेतला आहे.

पोस्टग्रेस: नाव एक, प्रोसीजर दोन

पोस्टग्रेसमध्ये खऱ्या अर्थाने प्रोसीजर 2018 च्या 11 व्या आवृत्तीत आल्या. त्याआधी सगळी फंक्शनंच होती, आणि आजही पुष्कळ लोक फंक्शनलाच प्रोसीजर म्हणतात. 'कॉल' केल्यावर "ही प्रोसीजर नाही" असं उत्तर आलं, तर ते फंक्शन आहे, 'सिलेक्ट'ने चालवा.

इथे नाव पुरेसं नसतं. एकाच नावाच्या, पण वेगवेगळे पॅरामीटर घेणाऱ्या कितीही प्रोसीजर असू शकतात. म्हणून सही, म्हणजे नाव आणि पॅरामीटरचे प्रकार, जुळवून विचारायचं:

सिलेक्ट टू_रेगप्रोसीजर('पब्लिक.केळी_पट्टी(इंटिजर, डेट)');

नल आला तर त्या सहीची नाही. 'टू_रेगप्रोक' फक्त नाव घेतं, पण त्या नावाच्या दोन असल्या तरी नलच देतं. ते "नाही" म्हणून वाचलं की घात होतो. मी सरळ पूर्ण यादी काढते:

सिलेक्ट एन.एनएसपीनेम, पी.प्रोनेम, पी.प्रोकाइंड,
पीजी_गेट_फंक्शन_आयडेंटिटी_आर्ग्युमेंट्स(पी.ओआयडी)
फ्रॉम पीजी_प्रोक पी जॉइन पीजी_नेमस्पेस एन ऑन एन.ओआयडी = पी.प्रोनेमस्पेस
व्हेअर पी.प्रोनेम = 'केळी_पट्टी';

प्रोकाइंडमध्ये 'पी' म्हणजे प्रोसीजर, 'एफ' म्हणजे फंक्शन. नाव लहान लिपीत लिहा: दुहेरी अवतरणाशिवाय बनवलेली नावं पोस्टग्रेस लहान अक्षरांतच साठवतो.

या सहीपायी एक चूक फार सहज होते. केळीच्या पट्टीत कटतीसाठी (वजावटीसाठी) एक पॅरामीटर वाढवला आणि 'क्रिएट ऑर रिप्लेस प्रोसीजर' चालवलं. वाटतं की जुनी गेली, नवी आली. प्रत्यक्षात सही बदलल्यामुळे दुसरीच प्रोसीजर तयार झाली आणि जुनी जागेवरच राहिली. जुना प्रोग्रॅम जुनीला हाक मारत राहतो आणि कटती धरली जात नाही. एररही येत नाही. शेतकऱ्याच्या हातात जातो तो चुकलेला आकडा. म्हणून सही बदलली की जुनी सही लिहून तिला 'ड्रॉप' करणं त्याच स्क्रिप्टमध्ये हवं.

परवानगीची गोष्ट इथे उलटी आहे. पीजी_प्रोकमध्ये परवानगी नसलेल्या प्रोसीजरही दिसतात, इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स मात्र फक्त आपल्या हक्काच्या दाखवतो. दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर कारण बहुधा परवानगीच असतं.

ऑरॅकल

माझं काम यावर थोडं, म्हणून कामापुरतं सांगते. यूजर_ऑब्जेक्ट्स आपल्या वस्तू दाखवतो, ऑल_ऑब्जेक्ट्स आपल्याला पोहोचता येतील त्या, डीबीए_ऑब्जेक्ट्स सगळ्या. ऑब्जेक्ट_टाइप 'प्रोसीजर' ठेवा आणि नाव कॅपिटल अक्षरांत लिहा. स्टेटसचा रकाना आवर्जून घ्या: 'इनव्हॅलिड' असेल तर प्रोसीजर आहे, पण मोडलेली आहे, आणि कारण यूजर_एरर्समध्ये मिळतं. यादीत नाव नसेल तर ती एखाद्या पॅकेजच्या, म्हणजे प्रोसीजरांच्या गठ्ठ्याच्या, पोटात असू शकते. मग ऑल_प्रोसीजर्समध्ये प्रोसीजर_नेम या रकान्यात शोधा. स्वतंत्र प्रोसीजरचं नाव तिथे ऑब्जेक्ट_नेममध्ये असतं आणि प्रोसीजर_नेम रिकामं.

स्क्रिप्टमध्ये तपासायचं असेल तर

बहुतेकांना हा प्रश्न पडतो तो स्क्रिप्ट लिहिताना: नसेल तर बनव, असेल तर बदल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'इफ'च्या पोटात 'क्रिएट प्रोसीजर' लिहिलं तर चालत नाही, कारण ती आज्ञा बॅचमधली (एका 'गो'पासून दुसऱ्या 'गो'पर्यंतच्या तुकड्यातली) पहिलीच असावी लागते. 2016 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून यावर उत्तम तोड आहे:

क्रिएट ऑर ऑल्टर प्रोसीजर डीबीओ.ओलावा_वजावट ...

यात तपासणी लागत नाही, परवानग्या टिकतात, आणि तपासणं व बनवणं यांच्यामध्ये दुसऱ्या कुणी हात घालायची फट राहत नाही. तालुक्याच्या गावांत अजून 2012 किंवा 2014 चे सर्व्हर चालू आहेत. तिथे आधी रिकामा सांगाडा उभा करायचा, मग त्यात बदल करायचा:

इफ ऑब्जेक्ट_आयडी(एन'डीबीओ.ओलावा_वजावट', एन'पी') इज नल
एक्झेक('क्रिएट प्रोसीजर डीबीओ.ओलावा_वजावट अ‍ॅज सेट नोकाउंट ऑन;');
गो
ऑल्टर प्रोसीजर डीबीओ.ओलावा_वजावट ...

'ड्रॉप प्रोसीजर इफ एक्झिस्ट्स' 2016 पासून आहे, पण चालू हंगामात मी ते वापरत नाही. परवानग्या जातात हे एक. दुसरं, ड्रॉप झाल्यावर क्रिएटमध्ये चूक निघाली तर हातात जुनीही नाही आणि नवीही नाही.

मायएसक्यूएलमध्ये मात्र 'क्रिएट ऑर रिप्लेस प्रोसीजर' नाही, 'ड्रॉप' करूनच बनवावी लागते. मारियाडीबीमध्ये ते 10.1.3 पासून आहे. मायएसक्यूएल 8.0.29 पासून 'क्रिएट प्रोसीजर इफ नॉट एक्झिस्ट्स' मिळतं, पण प्रोसीजर आधीच असेल तर ते जुन्या मजकुराला हातही लावत नाही. बदल पोहोचवायला त्याचा उपयोग नाही.

काटा उघडण्याआधी

स्क्रिप्टच्या शेवटी मी तपासणीची क्वेरी ठेवते, प्रोग्रॅमच्या युजरच्या नावाने चालणारी. स्क्रिप्ट चालवणाऱ्याने तिचं उत्तर फोनवर वाचून दाखवायचं: डेटाबेसाचं नाव, प्रोसीजरचं नाव, बदलाची तारीख.

आणि जिनिंगच्या प्रोग्रॅममध्ये आता एक छोटी यादी आहे. त्याला लागणाऱ्या प्रत्येक प्रोसीजरचं स्कीमासकट नाव त्यात आहे. सकाळी प्रोग्रॅम उघडला की तो स्वतःच्याच लॉगिनने ती यादी ऑब्जेक्ट_आयडीवर फिरवतो. सगळी असतील तर काट्याची खिडकी उघडते. एखादी नसेल तर तिचं नाव, चालू डेटाबेसाचं नाव आणि लॉगिन अशा तीन ओळी पडद्यावर येतात. भाऊ त्यांचा फोटो काढून मला पाठवतात, तोवर पहिली गाडी फाटकातून आत यायची असते.